चौसष्टापेक्षा पन्नास मोठे

एका फोनच्या कॅमेऱ्यापुढे लिहिलंय ६४ मेगापिक्सेल, दुसऱ्यापुढे ५०. कंपनी एकच, आतली चिप एकच, हातात घेतले तर आकारही उन्नीस-बीस. यातला महाग कोणता?

५०वाला. आणि थोडाथोडका नाही. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ७५,९९९ रुपयांपासून सुरू होत होती. मे २०२४ मध्ये आलेला पिक्सेल ८ए ५२,९९९ पासून मिळू लागला. तेवीस हजारांचा फरक, आणि कॅमेऱ्याचा आकडा नेमका उलटा. दुकानातला मुलगा "साहेब, हा घ्या, ६४ आहे, फोटो जास्त क्लिअर येतो" म्हणाला तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलंय तेच तो वाचून दाखवत असतो.

फोन घेताना आपण बहुतेक जण तीन गोष्टी आधी विचारतो. फोटो कसे येतात, स्क्रीन कशी आहे, रेंज पकडतो का. या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच गोष्ट आहे हे लक्षात आलं की मला तरी हातातल्या त्या वस्तूकडे पुन्हा निरखून पाहावंसं वाटतं. कॅमेरा प्रकाश आत घेतो, स्क्रीन प्रकाश बाहेर टाकते, अँटेना रेडिओलहरींची ये-जा सांभाळते. आणि प्रकाश काय, रेडिओ काय, दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. फरक फक्त लांबीचा. हिरव्या प्रकाशाची लहर साधारण अर्ध्या मायक्रॉनची, तर ७०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी ४३ सेंटिमीटर. म्हणजे आठ लाख पटींहून जास्त. ही दोन्ही टोकं पाव किलोही न भरणाऱ्या एका चपट्या वस्तूत सांभाळायची. ही दोन मॉडेलं आता बाजारात नवी राहिलेली नाहीत, पण फरक खरा कुठे आहे आणि नुसता छापील कुठे आहे, हे दाखवायला इतकी सोयीची जोडी क्वचित मिळते.

मेगापिक्सेलवरून सेन्सरवर प्रकाश टिपणारी घरं, म्हणजे पिक्सेल, किती आहेत ते कळतं, घर केवढं आहे ते कळत नाही. ८ए च्या सेन्सरवर ६ कोटी ४० लाख घरं, प्रत्येक ०.८ मायक्रॉन रुंद. ८ च्या सेन्सरवर ५ कोटी घरं, पण प्रत्येक १.२ मायक्रॉन रुंद. गुणाकार करून पाहिला तर पहिल्याचं क्षेत्रफळ जेमतेम ४१ चौरस मिलिमीटर भरतं आणि दुसऱ्याचं ७२. म्हणजे "कमी" मेगापिक्सेलवाला सेन्सर पावणेदोन पट मोठा. त्याच्या भिंगाचं तोंडही जास्त उघडं आहे: एफ/१.६८, तर ८ए चं एफ/१.८९. इथे आकडा लहान तितका उजेड जास्त. दोन्ही हिशेब एकत्र केले की एकाच दृश्यातून, एकाच वेळात, पिक्सेल ८ साधारण सव्वादोन पट प्रकाश गोळा करतो.

जाता जाता सेन्सरच्या इंचांबद्दल. ८ चा सेन्सर १/१.३१ इंचाचा, ८ए चा १/१.७३ इंचाचा, असं तपशिलाच्या पानावर असतं. पट्टी घेऊन मोजायला जाल तर फसाल. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्यांत व्हिडिकॉन नावाच्या काचेच्या नळ्या असत आणि नळी तिच्या बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाई. एक इंची नळीच्या आत चित्र उमटायच्या भागाचा कर्ण मात्र १६ मिलिमीटरच्या आसपास असे. नळ्या भंगारात गेल्या, मोजण्याची रीत राहिली. म्हणून १/१.३१ इंचांचा भागाकार केला तर १९ मिलिमीटर येतात आणि प्रत्यक्षात कर्ण भरतो बारा. कधीच्या विस्मृतीत गेलेल्या नळीच्या काचेची जाडी आपण आजही सेन्सरमध्ये धरून चाललो आहोत.

प्रकाश जास्त मिळाल्याने होतं काय? भर दुपारी काहीच होत नाही, उजेड दोघांनाही पुरून उरतो. खरी गंमत दिवेलागणीनंतर सुरू होते. कारण प्रकाश सलग येत नाही, सुट्या कणांनी येतो, आणि ते कण ठरावीक ठेक्याने पडत नाहीत. पावसाच्या पहिल्या सरीत अंगणात एक परात ठेवा आणि शेजारी वाट्या. परातीत दर मिनिटाला साधारण सारखेच थेंब पडतील. वाटीत एका मिनिटात चार, पुढच्यात नऊ, तिसऱ्यात एकच. पाऊस बदललेला नसतो, भांडं लहान असतं. प्रकाशाच्या या कणांचा, म्हणजे फोटॉनांचा, नियम तर गणिती काटेकोरपणाचा आहे: सरासरी १०० येणार असतील तर दहाएकाची चूकभूल होतच राहते, म्हणजे दहा टक्के, १०,००० येणार असतील तर शंभराची, म्हणजे एकच टक्का. रात्री काढलेल्या फोटोत एकरंगी भिंतीवर जे रवाळ दाणे दिसतात त्यातला मोठा भाग हाच. तो कॅमेऱ्याचा दोष नसून प्रकाशाचा स्वभाव आहे. कोणत्याही कंपनीला तो बदलता येत नाही, फार तर भांडं मोठं करता येतं.

किती कमी कण असतात याची कल्पना यावी म्हणून एक ढोबळ गणित मांडू. पाच वातींची समई, तिच्यापासून मीटरभर अंतरावर बसलेली आजी. तिच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड पाच लक्सच्या आसपास. चेहऱ्यावरून परतून, भिंगातून शिरून, सेन्सरच्या एका चौरस मायक्रॉनवर सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात पोचतील ते काही डझन फोटॉन. ८ए च्या एका घराचं क्षेत्रफळ तर एक चौरस मायक्रॉनही नाही, आणि प्रत्येक घरावर रंगीत गाळणी बसवलेली असते, ती त्यातलेही बरेचसे गिळते. उरतात ते हातांच्या बोटांवर मोजता येतील इतके. आजीच्या कपाळावरच्या आठ्या एवढ्याशा ऐवजातून उभ्या करायच्या असतात.

आणखी एक अडचण १८३५ मधली आहे. जॉर्ज एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने त्या वर्षी दाखवून दिलं की भिंग कितीही निर्दोष असलं तरी ताऱ्यासारख्या बिंदूचं चित्र बिंदू येत नाही, छोटी चकती येते, कारण लहरी कडांशी पसरतात. एफ/१.८९ च्या भिंगात हिरव्या प्रकाशाची ही चकती अडीच मायक्रॉनची पडते. घर आहे ०.८ मायक्रॉनचं. म्हणजे सूक्ष्मातला सूक्ष्म ठिपकाही निदान तीन घरं रुंदीत व्यापणार. ६४ मेगापिक्सेलमधले बरेचसे पिक्सेल एकमेकांना तीच बातमी पुन्हा पुन्हा सांगत असतात.

हे बनवणाऱ्यांना अर्थातच ठाऊक असतं. म्हणून दोन्ही फोन शेजारशेजारची चार घरं जोडून एक करतात: ६४ चे होतात १६, ५० चे होतात साडेबारा. तुमच्या गॅलरीत जो फोटो पडतो तो एवढाच असतो. खोक्यावरचा आकडा आणि गॅलरीतला फोटो यांची गाठ क्वचितच पडते.

त्या रंगीत गाळण्यांची गोष्ट तर आणखी नवलाची. सेन्सरच्या घराला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी यावर एक युक्ती काढली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. दर चार घरांपैकी दोघांवर हिरवी गाळणी, एकावर लाल, एकावर निळी. आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्यात जास्त कळतात म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. परिणाम असा की कोणत्याही एका ठिकाणी तीन रंगांपैकी एकच मोजला जातो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरले जातात. लग्नातल्या शालूचा जो रंग तुम्ही कौतुकाने झूम करून दाखवता, त्यातली दोन तृतीयांश माहिती फोनने हिशेबाने रचलेली असते. आणि तरीही तो शालू ओळखू येतो!

आता माझ्या आवडीचा भाग. हा अंदाज टाळायचा कसा? गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अशी: शटर दाबताच फोन एका झटक्यात अनेक फोटो काढतो. माणसाचा हात कितीही स्थिर धरला तरी सेकंदाला दहाएक वेळा अगदी किंचित थरथरतो, म्हणून प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा घराच्या काही अंशाने सरकलेला असतो. एका फोटोत जिथे हिरवी गाळणी होती तिथे दुसऱ्यात लाल येते, तिसऱ्यात निळी. सगळे एकावर एक नीट बसवले की अंदाज करायची वेळच फारशी येत नाही, आणि झूम केलेल्या चित्रात बारकावेही वाढतात. ज्या थरथरीला शंभर-दीडशे वर्षं छायाचित्रकार शिव्या देत आले तीच इथे कामाला लागली. फोन तिवईवर ठेवला तर पंचाईत होते, थरथरच बंद! मग फोन आपल्या आतलं भिंग मुद्दाम थोडंथोडं हलवतो.

ही सगळी हिकमत दोन्ही फोनांत आहे, आणि म्हणूनच त्यांच्या फोटोंतलं अंतर सेन्सरच्या अंतराएवढं दिसत नाही. उन्हात काढलेले गडकोट, शेत, चुलत भावंडांचा घोळका यांचे दोन फोटो शेजारी ठेवले तर कोणता महागाचा हे ओळखायला मीही पैज लावणार नाही. दिवाळीतल्या पणत्या, हॉलमधलं अंधुक रिसेप्शन, झोपलेलं बाळ, इथे मोठा सेन्सर आपलं देणं चुकतं करतो, कारण त्याला शटर कमी वेळ उघडं ठेवून भागतं आणि हललेलं बाळ पुसट होत नाही. रात्रीचे फोटो ज्यांना महत्त्वाचे त्यांनी किमतीतल्या फरकाचा विचार करावा. बाकीच्यांनी कशाला? अनेक स्वस्त फोनांच्या पाठीवर तिसरं-चौथं भिंग दोन मेगापिक्सेलचं असतं, ते शोभेचं समजावं आणि पुढे जावं.

स्क्रीनकडे वळण्याआधी एका योगायोगाची नोंद करू द्या. पहिला डिजिटल कॅमेरा स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅकमध्ये बनवला. रंगांच्या गाळण्या १९७६, कोडॅक. आणि आज या दोन्ही फोनांवर जी स्क्रीन आहे त्या ओलेडचा कामाचा पहिला नमुना चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडला, तोही कोडॅकमध्येच. टँग यांनी आदल्याच वर्षी कार्बनी रेणूंच्या दोन पातळ थरांतून सूर्यप्रकाशाची वीज करून दाखवली होती; आता त्यांनी तसल्याच दोन थरांत वीज सोडली आणि थर उजळले. फोनचा डोळा आणि फोनचा चेहरा, दोन्हींची बीजं एका फिल्म कंपनीत रुजली. त्या कंपनीने ओलेडचा व्यवसाय २००९ मध्ये एलजीला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपण आज खिशात बाळगतो तो फोन तिथे तुकड्यातुकड्यांनी सापडला होता, कुणी जोडून पाहिला नाही एवढंच.

स्क्रीनच्या बाबतीत ही जोडी जवळजवळ बरोबरीत सुटते. ६.२ इंच आणि ६.१ इंच, दोन्हींवर १०८० गुणिले २४०० ठिपके, दोन्ही सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणाऱ्या, दोन्हींची कमाल झळाळी २००० निट्स. इंचाला ४३० च्या आसपास ठिपके पडतात. हातभर अंतरावरून निरोगी डोळ्याला तीनशेच्या पुढे ठिपका वेगळा दिसतच नाही. त्यामुळे "माझी स्क्रीन जास्त शार्प" हा वाद इथे संपतो. (त्यातही, बहुतेक फोनांच्या ओलेडवर लाल आणि निळे दिवे हिरव्यांच्या निम्मेच असतात. निळा थर लवकर म्हातारा होतो म्हणून त्याचे दिवे आकाराने मोठे ठेवतात, म्हणजे त्यांना कमी ताण घ्यावा लागतो.)

२००० निट्स हा आकडा प्रचंड वाटतो. वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर उभं राहून साधा पांढरा कागद हातात धरा. जमिनीवर तेव्हा लाखभर लक्स उजेड पडत असतो आणि त्या हिशेबाने कागद पंचवीस हजार निट्सच्या पुढे झळकत असतो. अंगात वीज नसलेला पैशाचा कागद हजारो रुपयांच्या फोनच्या स्क्रीनला बारा पटींनी हरवतो. मग उन्हात फोन वाचता तरी कसा येतो? स्क्रीनवर एक ध्रुवीकरण करणारा पापुद्रा असतो. बाहेरचं ऊन त्यातून आत शिरताना पिळलं जातं, आतल्या धातूच्या थरावरून परतताना आणखी पिळलं जातं, आणि परतीच्या वाटेवर त्याच पापुद्र्यात अडकून पडतं. काळा भाग काळा राहतो, म्हणून अक्षरं दिसतात. याची किंमतही मोजावी लागते: स्क्रीनचा स्वतःचा निम्म्याहून जास्त प्रकाश त्याच पापुद्र्यात मरतो. निम्मा उजेड जाळून टाकायचा आणि त्याच्या बदल्यात काळोख विकत घ्यायचा, असा हा सौदा आहे.

फरक पडतो तो वरच्या काचेत. ८ वर गोरिला ग्लास व्हिक्टस, ८ए वर गोरिला ग्लास ३, म्हणजे कितीतरी जुनी पिढी. दोन्ही काचा तापवून वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवलेल्या असतात. काचेतले सोडियमचे छोटे अणू बाहेर पडून पोटॅशियमचे थोराड अणू त्यांच्या जागी घुसतात आणि पृष्ठभाग दाटीवाटीने आवळला जातो. फोन वरचेवर हातातून सुटत असेल तर हा मुद्दा धरावा, नाहीतर चांगलं कव्हर घ्यावं.

राहिली रेंज. खरं तर हीच गोष्ट पहिली विचारायला हवी, कारण फोटो वाईट आला तर चालतो, फोन लागला नाही तर नाही चालत. पण दुकानात सगळ्यांत कमी माहिती याचीच मिळते. दुकान शहरातल्या मुख्य रस्त्यावर असतं, टॉवर हाकेच्या अंतरावर असतो आणि तिथे प्रत्येक फोन पूर्ण दांड्या दाखवतो.

त्या दांड्यांवर फार विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या, याचं एकमेव जागतिक प्रमाण नाही. ज्याने त्याने आपलं ठरवायचं. २०१० मध्ये ॲपलच्या आयफोन ४ ची पोलादी चौकट हीच अँटेना होती, आणि डाव्या हाताच्या खालच्या भागाने तिच्यातली फट झाकली गेली की रेंज घसरे. ॲपलने ग्राहकांना फुकट कव्हरं दिली, आणि त्याच सुमाराला हेही मान्य केलं की दांड्या काढण्याचं आपलं सूत्र चुकीचं होतं, फोन बऱ्याचदा असायला हव्या त्याहून जास्त दांड्या दाखवत होता. आजही फोनची धातूची चौकटच अँटेना म्हणून वापरली जाते. कडेला ज्या बारीक प्लॅस्टिकच्या रेघा दिसतात त्या नक्षी नव्हेत, तिथे एक अँटेना संपते आणि दुसरी सुरू होते.

खरा आकडा फोनमध्येच असतो. सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन", त्यात "सिम स्टेटस" उघडा. सिग्नलपुढे उणे ९५, उणे ११० असं काही डीबीएममध्ये लिहिलेलं सापडेल. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, आणि पुढे दर दहाला ताकद दहापट कमी. उणे ९० म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग. उणे १२० म्हणजे त्याचाही हजारावा. हा आकडा लहरींच्या एका अरुंद पट्टीपुरता असतो हे खरं, तरी एवढ्या धूसर कुजबुजीतून फोन आईचा आवाज ओळखीचा वाटेल इतका शाबूत बाहेर काढतो. जुन्नरजवळ खोडदला जी महाकाय दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, तिला मोबाइलची एवढी धास्ती का वाटते हे यावरून कळेल. ती ज्या पट्ट्यांत आकाश ऐकते त्यांतच ७००, ८५० मेगाहर्ट्झचे मोबाइल पट्टे येतात. जुना टूजी मोबाइल चंद्रावर चालू ठेवला तरी तो तिला आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओस्रोतांपैकी एक वाटेल, आणि इथे तर तो पाहुण्यांच्या खिशात असतो.

कुजबुज वाचायची विद्या क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधल्या निबंधातून निघाली. किती गोंगाटात किती माहिती बिनचूक पाठवता येईल याची कमाल मर्यादा त्यांनी काढली, पण तिथवर पोचायचं कसं ते सांगितलं नाही. रॉबर्ट गॅलागर या विद्यार्थ्याने १९६० मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात एक संकेतपद्धती सुचवली. ती उलगडायला लागणारी गणिती ताकद त्या काळच्या संगणकांत नव्हती, प्रबंध तीसेक वर्षं पडून राहिला. आज फाइव्हजीवर तुम्ही पाहता तो प्रत्येक व्हिडिओ त्याच पद्धतीने बांधून येतो.

दुसरी अडचण प्रतिध्वनींची. टॉवरपासून फोनपर्यंत लहर सरळ येतच नाही. समोरच्या इमारतीवर आपटून, टाकीवरून वळून, जिन्यातून शिरून तिच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि एकमेकींत मिसळून गोंधळ करतात. या गोंधळाला शत्रू न मानता वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळी माहिती पाठवली तर? १९९४ मध्ये अमेरिकेत या कल्पनेला मिळालेल्या एका पायाभूत पेटंटवर दोन नावं आहेत: आरोग्यस्वामी पॉलराज आणि टॉमस कैलथ. पॉलराज भारतीय नौदलात सोनार बनवत होते, तिथून स्टॅनफर्डला गेले. कैलथ जन्माने पुण्याचे, १९३५ चे. सेंट व्हिन्सेंट शाळा आणि मग १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची दूरसंचारातली पदवी. आज फोनमध्ये तीन-चार अँटेना एकाच वेळी कान देऊन असतात त्या याच कल्पनेपायी. शिवाजीनगरातल्या त्या दगडी इमारतीसमोरून जाताना फोन घेऊन बोलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आपल्या जोडीत मात्र या सगळ्या बाबतीत निवडायला फारसं काही नाही. दोन्हींत टेन्सर जी३ हीच चिप, मोडेम एकाच घराण्यातला, चौकट दोन्हींची ॲल्युमिनियमची. ८ ची पाठ काचेची, ८ए ची प्लॅस्टिकसारख्या मिश्रणाची. रेडिओलहरींना दोन्ही सारख्याच पारदर्शक. रेंजचा निकाल फोनपेक्षा तुमचं सिम आणि तुमच्या भिंती लावतात. फाइव्हजीसाठी जिओ आणि एअरटेल दोघांकडेही ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. त्याची लहर नऊ सेंटिमीटरची, वेग भरपूर, पण भिंत आडवी आली की दमते. ७०० मेगाहर्ट्झची लांब लहर डोंगराच्या कुशीत आणि घरात जास्त आत शिरते, आणि २०२२ च्या लिलावात तो पट्टा एकट्या जिओने घेतला. पत्र्याचं छप्पर आणि सळयांची दाट जाळी दोन्ही लहरींना परतवून लावतात, भिजलेली जाड दगडी भिंत त्या शोषून घेते. कोकणात पावसाळ्यात माणसं पडवीत येऊन बोलतात ती उगाच नाही. वेगळ्या कंपन्यांचे, त्यातही परदेशातून आणलेले फोन तुलनेला असतील, तर आपल्याकडचे पट्टे त्यात आहेत का एवढं मात्र अवश्य पाहावं. तिथे खरंच फसगत होते.

तरी खात्री करायचीच असेल तर मित्राचा फोन मागून घ्या, एकच सिम आळीपाळीने दोन्हींत घाला आणि घरातल्या सर्वांत नकोशा कोपऱ्यात आकडा पाहा. एकदाच पाहून निकाल देऊ नका. प्रतिध्वनींच्या मिसळीमुळे फोन चार-पाच सेंटिमीटर सरकवला तरी आकडा दहाने हलू शकतो, म्हणून खोलीभर फिरून साधारण अंदाज घ्यावा. तीनचा फरक कायम दिसला तर एक फोन दुप्पट ताकद पकडतोय असं समजा. या जोडीत तसा फरक सापडेल असं मला वाटत नाही, आणि मला निवडायचं असतं तर मी ८ए घेतला असता. माझे बहुतेक फोटो उन्हातले असतात. दोन्ही फोन तुमच्या कोपऱ्यात उणे ११८ च दाखवत असतील, तर वाचलेल्या पैशांतले थोडे चांगल्या वाय-फाय राउटरवर घाला. वाय-फायवरून कॉल दोन्ही फोन करतात, आणि ती सोय जिओ आणि एअरटेल दोघेही देतात.